नवशिक्या स्कायडायव्हरने आधी काय विकत घ्यावे: खरेदीचा क्रम, मापे आणि सापळे

पहिल्या काही उड्या निभावल्या की प्रत्येक नवशिक्याला स्वतःची रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच, हवीशी वाटू लागते. ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारण्याच्या तळावर, जो तो आपापल्या रंगाची रिग पाठीवर घेऊन विमानाकडे निघालेला असतो आणि आपण मात्र शाळेचा ढगळ सूट चढवून, शाळेचेच हेल्मेट हातात धरून उभे असतो, तेव्हा ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. तरीही माझा आग्रह असा आहे की पॅराशूट सर्वांत शेवटी घ्यावे. ज्या वस्तूची निवड पुढच्या वर्षभरात बदलणार नाही ती आधी घ्यावी आणि जिचे माप तुमच्या कौशल्याबरोबर बदलत जाणार आहे ती नंतर. एवढा एकच नियम पाळला तर पैसे वाचतात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला न झेपणारे पॅराशूट पाठीवर येत नाही.

पुढील माहिती मुख्यतः अमेरिकेतील पद्धतीला धरून आहे. तेथे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजेच यूएसपीए, ही संघटना परवाने देते आणि पहिल्या, म्हणजे ए परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना हे जसेच्या तसे लागू पडेल. हरियाणातील नारनौल येथे टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेतलेली, उडी मारून ज्यांना गोडी लागली आणि जे आता एकट्याने उडी मारण्याचे शिक्षण घेण्यासाठी परदेशी निघाले आहेत, त्यांनी त्या त्या देशाचे नियम वेगळे विचारून घ्यावेत. खरेदीचा क्रम मात्र त्यांच्यासाठीही हाच राहील.

१. परवाना मिळेपर्यंत रिग भाड्याचीच ठेवा

शिकताना मिळणाऱ्या रिगमध्ये मुद्दाम मोठी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचे कापडी छत, असते, रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र असते आणि मुख्य पॅराशूट सोडून दिल्यावर रिझर्व्ह ओढणारा आरएसएल नावाचा पट्टा असतो. कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या मापाची कॅनोपी द्यायची हे इन्स्ट्रक्टर ठरवतात आणि लँडिंग सुधारत जाईल तसे एकेक माप खाली आणतात. या काळात आजच्या मापाची रिग विकत घेतली तर परवाना हाती पडेपर्यंत ती मोठी वाटू लागते, आणि पुढचा विचार करून लहान घेतली तर ती आजच धोक्याची ठरते. दोन्हीकडून नुकसानच.

जे वर्षातून एकदाच, सुट्टी काढून दोन-तीन आठवडे उड्या मारायला जातात त्यांनी तर परवान्यानंतरही रिग घेण्याची घाई करू नये. अमेरिकेत रिझर्व्ह पॅराशूट दर १८० दिवसांनी प्रमाणित रिगरकडून, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या तज्ज्ञाकडून, उघडून, तपासून पुन्हा पॅक करून घ्यावे लागते, मग तुम्ही त्या काळात शंभर उड्या मारा किंवा एकही मारू नका. स्वयंचलित यंत्राचे आयुष्यही कपाटात पडल्या पडल्या संपत असते. भाडे एका उडीमागे साधारण तीस डॉलर धरले आणि चांगल्या वापरलेल्या रिगला साडेचार हजार डॉलर मोजले, तर दीडशे उड्यांनंतर हिशेब बरोबरीला येतो. तेवढ्या उड्या तुम्ही किती काळात माराल याचे स्वतःला प्रामाणिक उत्तर द्या.

२. अल्टिमीटर: पहिली खरेदी

मनगटावरचा, उंची दाखवणारा अल्टिमीटर ही पहिली खरेदी असावी असे मी निःशंकपणे सांगेन. फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी, ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येताना दर पाच-साडेपाच सेकंदांना हजार फूट निघून जातात. अशा वेळी आकडा किंवा काटा कुठे पाहायचा आणि तो कसा वाचायचा हे डोळ्यांच्या अंगवळणी पडलेले असले पाहिजे. शाळेतून दर वेळी वेगळे उपकरण मिळाले तर ही सवय लागायला उशीर होतो. शिवाय अल्टिमीटरला तुमच्या कॅनोपीच्या मापाशी काही देणेघेणे नसते. आज घेतलेला अल्टिमीटर पाचशेव्या उडीलाही चालतो.

काट्याचा घ्यावा की डिजिटल, हा प्रश्न सगळेच विचारतात. अल्टी-२ कंपनीचा गॅलेक्सी हा काट्याचा अल्टिमीटर अनेक शाळांमध्ये दिसतो. त्याला बॅटरी लागत नाही, किंमत सर्वसाधारणपणे दोनशे डॉलरच्या आसपास असते आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकताना नुसत्या कटाक्षाने कळतो. एल अँड बी कंपनीचा व्हिसो किंवा अल्टी-२ चाच अॅटलस हे डिजिटल प्रकार नेमका आकडा दाखवतात आणि प्रत्येक उडीची नोंद ठेवतात, पण त्यांना जास्त पैसे पडतात. शिकताना तुम्ही काट्यावर शिकला असाल तर पहिली शंभरएक उड्या काट्यावरच राहणे मला अधिक योग्य वाटते, कारण ताणाच्या क्षणी मेंदू जुन्याच सवयीकडे धाव घेतो.

घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे एकक. अमेरिकेत सगळा व्यवहार फुटांत चालतो, युरोपातील अनेक ड्रॉप झोनवर मीटरमध्ये. काट्याच्या अल्टिमीटरची तबकडी बदलता येत नाही, त्यामुळे जिथे उड्या मारणार तिथले एकक आधी विचारा. दुसरी गोष्ट वापरलेल्या अल्टिमीटरबद्दल: विमान वर चढत असताना शेजाऱ्याच्या अल्टिमीटरशी तो ताडून पाहा आणि काटा मध्येच अडकत असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी परत करा. हेही ध्यानात असू द्या की अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो. पाठीमागच्या कमी दाबाच्या हवेत मनगट गेले तर तो काही शे फूट चुकीची उंची दाखवू शकतो, म्हणून आकडा खटकला तर हात समोर आणून पुन्हा वाचावा.

३. गॉगल आणि हेल्मेट

गॉगल अगदी स्वस्तात येतात आणि शाळेच्या गॉगलवर नेहमी ओरखडे असतात, तेव्हा हे लगेच घेऊन टाका. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात, पण ते विकत घेण्याआधी स्वतःच्या चष्म्यावर चढवून, मान खाली-वर, डावीकडे-उजवीकडे करून फट राहते का ते पाहा. फट राहिली तर आत शिरलेला वारा डोळ्यांत पाणी आणतो आणि उंची वाचणेच अवघड होते. काळ्या काचा नकोत. सूर्यास्ताच्या सुमारास होणाऱ्या उडीत त्या त्रासदायक ठरतात.

हेल्मेटची निवड डोक्याच्या मापावर ठरते, इतरांच्या शिफारशीवर नव्हे. विद्यार्थ्यांना कडक कवचाचे हेल्मेट सक्तीचे असते आणि ते सहसा चेहरा उघडा ठेवणारे असते, कारण इन्स्ट्रक्टरला तुमचे डोळे आणि तोंड दिसायला हवे असते. परवान्यानंतर बहुतेक जण पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटकडे वळतात. थंडीत आणि वाऱ्याच्या आवाजात त्याचा आराम मोठा आहे. मात्र विमानात काच खाली ठेवून श्वास घेतला की तिच्यावर धुके जमते, म्हणून दारातून बाहेर पडेपर्यंत काच वर ठेवण्याची सवय लावावी. दिसायला सारखी असली तरी सर्व हेल्मेट आघाताच्या चाचणीत उतरलेली नसतात, काही केवळ वाऱ्यापासून बचाव करतात. कुकी कंपनीचे जी४ चाचणी पार केलेले आहे. दुकानदाराला हा प्रश्न थेट विचारा.

४. कपडे, बूट आणि हातमोजे

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीचे फोटो बहुतेक मराठी वाचकांनी पाहिले असतील. त्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. नवशिक्याचे कपडे साधे आणि अंगासरशी असावेत. फडफडणारा शर्ट वर सरकून पॅराशूट उघडण्याचे हँडल झाकू शकतो, आणि ओढायच्या क्षणी हाताला कापड लागणे यासारखी वाईट गोष्ट नाही. जमिनीपेक्षा १३,००० फुटांवर तापमान साधारण पंचवीस अंशांनी कमी असते, तेव्हा उन्हाळ्यातही एक पूर्ण बाहीचा थर अंगात असू द्यावा. बूट धावण्याचे चालतात. लेस अडकवायला धातूचे हुक असलेले बूट टाळावेत, कारण त्यांत पॅराशूटच्या दोऱ्या अडकतात. हातमोजे पातळ हवेत, हँडलचा स्पर्श बोटांना कळला पाहिजे.

खास जंपसूट शिवून घेण्याची घाई नको. पोटावर पडून गटाने आकृत्या करायला तुम्हाला आवडते की उभ्याने, डोके खाली करून उडायला आवडते, हे कळल्यावरच सूटचा प्रकार ठरतो.

५. ऐकू येणारा अल्टिमीटर आणि किरकोळ वस्तू

हेल्मेटच्या आत, कानाजवळ बसवायचा अल्टिमीटर ठरावीक उंचीला इशारा देतो. एल अँड बी चा ऑप्टिमा हा त्यातला एक परिचित प्रकार. उपयुक्त वस्तू आहे, पण ती मनगटावरच्या अल्टिमीटरला पर्याय म्हणून घेऊ नका. वाऱ्यात आवाज ऐकूच आला नाही किंवा बॅटरी संपली असे होऊ शकते, आणि कानावर विसंबणाऱ्याची डोळ्यांनी पाहण्याची सवय मोडते. परवाना मिळाल्यानंतर घ्या.

अडकलेली दोरी कापण्यासाठी हुक नाइफ, पॅकिंगसाठी दोन-तीन पुल-अप कॉर्ड, उड्यांची वही आणि पेन, एवढे बॅगेत असले की किरकोळ खरेदी संपली. पॅकिंग मात्र नीट शिकून घ्या, ए परवान्यासाठी ते करून दाखवावेच लागते.

६. कॅनोपीचे माप आधी कागदावर ठरवा

आता रिग. बाजारात फिरण्याआधी तुमचे विंग लोडिंग काढा. कपड्यांसह तुमचे वजन आणि रिगचे वजन यांची पाउंडातील बेरीज करून तिला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागायचे. ७५ किलो, म्हणजे १६५ पाउंडांचा माणूस आणि २५ पाउंडांची रिग मिळून १९० होतात. त्याने १९० चौरस फुटांची कॅनोपी घेतली तर विंग लोडिंग १.० येते आणि १५० ची घेतली तर जवळजवळ १.२७. नवा परवाना मिळालेल्याने १.० च्या वर जाऊ नये हा सर्वमान्य दंडक आहे आणि त्याखाली राहण्यात कमीपणा मुळीच नाही.

या आकड्याला मी इतके महत्त्व देतो त्याचे कारण असे, की लहान कॅनोपी वेगाने पुढे जाते, जरा हात ओढला की झटकन वळते आणि प्रत्येक वळणात जास्त उंची गमावते. जमिनीजवळ अचानक अडथळा दिसला आणि घाबरून वळण घेतले, तर मोठ्या कॅनोपीखाली गुडघे खरचटतात, लहान कॅनोपीखाली मांडीचे हाड मोडते. या खेळातील जिवावर बेतलेल्या अपघातांचा मोठा वाटा असा आहे की ज्यात पॅराशूट पूर्ण आणि व्यवस्थित उघडलेले होते. ज्या ड्रॉप झोनची समुद्रसपाटीपासून उंची जास्त आहे किंवा जिथे ऊन कडक आहे, तिथे हवा विरळ असल्यामुळे तीच कॅनोपी आणखी वेगाने उतरते, हेही मापात धरा.

माप ठरवताना तुमची लँडिंग प्रत्यक्ष पाहणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा शब्द अंतिम माना. विकणाऱ्याचा कधीही नाही. सुरुवातीच्या कॅनोपींमध्ये परफॉर्मन्स डिझाइन्सच्या सेबर२, सेबर३ आणि पल्स, एरोडाइनची पायलट, इकारसची सफायर ही नावे वारंवार कानी पडतील. एकाच मापाच्या दोन वेगळ्या कॅनोपी वेगळ्या वागतात, म्हणून शक्य असेल तिथे काही उड्यांसाठी भाड्याने किंवा चाचणीसाठी घेऊन पाहा.

७. रिगचे चार भाग, चार वेगळी आयुष्ये

कंटेनर म्हणजे हार्नेससह पाठीवरची पिशवी. यूपीटीचा व्हेक्टर, सन पाथचा जॅव्हेलिन, मिराज, इन्फिनिटी हे प्रचलित प्रकार आहेत. यात नवशिका हमखास फसतो तो असा: दिसायला सुरेख, किमतीला स्वस्त कंटेनर मिळतो, पण तो १५० च्या कॅनोपीसाठी बनवलेला असतो. त्यात १९० ची कॅनोपी बसत नाही, मग 'आता १५० ची घेऊनच टाक' असा सल्ला मिळतो. कंटेनरने कॅनोपीचे माप ठरवू देऊ नका. आज लागणारी कॅनोपी आणि तिच्या खालचे एक माप, दोन्ही बसतील असा कंटेनर शोधा. हार्नेसचे खांद्यापासून कंबरेपर्यंतचे माप तुमच्या धडाशी जुळलेच पाहिजे. ढगळ हार्नेसमध्ये हँडल जागेवरून सरकतात.

मेन, म्हणजे मुख्य, कॅनोपी नवीकोरी घेण्याचा मोह आवरा. नवे झिरो-पोरोसिटी, म्हणजे हवा आरपार न जाऊ देणारे, कापड इतके निसरडे असते की पॅकिंग शिकत असलेल्याच्या हातून ते पिशवीतून सारखे निसटते. तीन-चारशे उड्या झालेले, नीट सांभाळलेले कापड तुमचे ऐकते.

रिझर्व्ह निवडताना एकच प्रश्न विचारा: बेशुद्ध किंवा हात मोडलेल्या अवस्थेत, अनोळखी जागी हिच्याखाली उतरायची वेळ आली तर चालेल का? त्यामुळे मेनपेक्षा बरीच लहान रिझर्व्ह असलेली रिग स्वस्त असली तरी सोडून द्या.

चौथा भाग स्वयंचलित यंत्र, म्हणजे एएडी. जर्मनीच्या एअरटेक कंपनीचे सायप्रेस १९९१ पासून वापरात आहे, बेल्जियमचे व्हिजिल आणि चेक प्रजासत्ताकातील मार्सचे एम२ हेही मिळतात. सायप्रेसच्या एक्सपर्ट प्रकारात, सुमारे ७५० फुटांवरही तुम्ही ताशी ७८ मैलांपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह बंद ठेवणारी दोरी कापते. मेनला ते हात लावत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकारात वेगाची मर्यादा खूप कमी असते, तेव्हा वापरलेले घेताना प्रकार तपासा. सायप्रेसला उत्पादकाने ठरवलेली वयोमर्यादा आहे, जुन्या सायप्रेस २ ला साडेबारा वर्षे, नंतरच्यांना साडेपंधरा. उरलेल्या वर्षांच्या प्रमाणातच किंमत द्या. एक वर्ष उरलेल्या यंत्राची रिग 'एएडीसह' म्हणून महाग विकली जाते, तिथे काही महिन्यांतच नव्या यंत्राचे हजाराहून अधिक डॉलर भरावे लागतात.

८. वापरलेली रिग कशी तपासून घ्यावी

पहिली रिग वापरलेलीच घ्यावी, पण पैसे चुकते करण्याआधी ती तुमच्या ओळखीच्या रिगरने उघडून पाहिली पाहिजे. विकणाऱ्याच्या रिगरने नव्हे. दूरचा व्यवहार असेल तर रिग थेट तुमच्या रिगरच्या पत्त्यावर मागवा आणि तपासणी होईपर्यंत रक्कम तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे ठेवा. याला नकार देणाऱ्याशी सौदा करू नका.

रिगर काम करत असताना शेजारी उभे राहा, जमिनीवर बसा, विचारा. तो कॅनोपी गालिच्यावर पसरून एकेक कप्पा उजेडासमोर धरतो आणि टाचणीएवढी छिद्रे, भाजल्यासारखे चकाकणारे डाग, ठिगळे शोधतो. दोऱ्या डाव्या-उजव्या जोडीने ताणून लांबी जुळते का ते पाहतो, कारण स्पेक्ट्रा दोऱ्या स्लायडरच्या, म्हणजे कॅनोपी हळू उघडावी म्हणून दोऱ्यांवरून सरकणाऱ्या कापडाच्या, घर्षणाच्या उष्णतेने आखडतात आणि बाहेरच्या बाजूच्या अधिक आखडतात. मग कॅनोपी एका अंगाला ओढू लागते किंवा उघडताना दणका देते. ब्रेकच्या खालच्या दोऱ्या सर्वांत आधी झिजतात. त्यांवर बोट फिरवले की लोकरीसारखे पिसलेले धागे हाताला लागतात. स्लायडरच्या धातूच्या कड्यांच्या आतून नख फिरवून पाहा, खरवड लागली तर ती कडी दोऱ्या कापत असते. दोऱ्यांचा नवा संच बसवायला काही शे डॉलर लागतात, ते किमतीतून वजा करून घ्या.

बरेच रिगर वीस वर्षांहून जुनी सामग्री पॅक करायलाच नकार देतात. म्हणून फोटोंवर भाळण्याआधी प्रत्येक भागाच्या उत्पादनाची तारीख मागवा.

९. रिगबरोबर ताब्यात घ्यायची कागदपत्रे

- रिझर्व्हचे डेटा कार्ड, ज्यावर प्रत्येक रिपॅकची तारीख आणि रिगरची सही असते. रिझर्व्हच्या पिनवर त्याच रिगरचे सील असल्याची खात्री करा
- कंटेनर, मेन, रिझर्व्ह आणि एएडी यांचे अनुक्रमांक आणि उत्पादन तारखा
- एएडीच्या देखभालीच्या नोंदी आणि विमानतळावर दाखवायचे एक्स-रे चित्राचे कार्ड
- विक्रीची पावती, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह
- तुमच्या रिगरचा तपासणी अहवाल

अनुक्रमांक मिळाले की उत्पादकाने त्या भागाबद्दल काढलेल्या सुरक्षा सूचना शोधून पाहा आणि त्यांची पूर्तता झाली आहे का ते रिगरला विचारा.

१०. हे इतक्यात घेऊ नका

हेल्मेटवरचा कॅमेरा. यूएसपीएची शिफारस २०० उड्यांनंतरची आहे. दोरी अडकण्याचा धोका तर आहेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे चित्रीकरणाच्या नादात उंचीकडे दुर्लक्ष होते. विंगसूटला, म्हणजे हातापायांत पंखासारखे कापड असलेल्या सूटलाही, २०० उड्यांची अट आहे.

११. नव्या रिगवरची पहिली उडी

रिग घरी आली की तिला उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, अतिनील किरणांनी आणि उष्णतेने नायलॉन कमकुवत होते. ड्रॉप झोनवर हार्नेस टांगण्याची सोय असेल तर त्यात लटकून मेन सोडण्याचे आणि रिझर्व्ह ओढण्याचे हँडल क्रमाने शोधण्याचा सराव करा. शाळेच्या रिगवर ते वेगळ्या आकाराचे असू शकते. पहिली उडी एकट्याने मारा, इन्स्ट्रक्टरला आणि पायलटला सांगून नेहमीपेक्षा उंचावर, साधारण ५,००० फुटांवर उघडा, आणि २,५०० फुटांच्या वर असतानाच दोन्ही बाजूंना वळणे घेऊन तीन-चार वेळा पूर्ण फ्लेअर, म्हणजे वेग मोडण्यासाठी दोन्ही ब्रेक एकदम ओढणे, करून पाहा. ब्रेक कुठे लागतात, किती खाली ओढल्यावर कॅनोपीचा वेग मोडतो, हे वरच कळले पाहिजे. ब्रेकच्या दोऱ्या फार लांब किंवा आखूड वाटल्या तर दुसऱ्या उडीला जाण्याआधी रिगरला दाखवून दुरुस्त करून घ्या.